टॉमकॅट उठत नाही? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

टॉमकॅटची झिप उतरवून घ्या, उलगडा, बिन फोल्डरात जाऊन स्टार्टअप.बॅटवर डबल-क्लिक करा. एक काळी खिडकी उघडेल आणि तुम्ही चष्मा सावरेपर्यंत मिटेल. पुन्हा डबल-क्लिक करा. तिसऱ्यांदाही मिटली की मशीन रीस्टार्ट करा. त्याने काही होत नाही, पण चहा होतो.

चहानंतर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'कॅटलिना रन' द्या. आता खिडकी पळणार नाही आणि तिचं म्हणणं वाचता येईल. बहुधा 'जावा होम'चा पत्ता दिलेला नसतो. तिथे जेडीकेच्या मूळ फोल्डराचा पत्ता हवा, आतल्या बिनचा नव्हे. तुम्ही बिनचाच द्याल. सगळेच देतात.

मग पोर्ट ८०८० अडल्याची तक्रार येते. अडवणारा बहुतेकदा सकाळी आपणच सुरू करून विसरलेला टॉमकॅट असतो. जाणते लोक विंडोजवर नेटस्टॅट आणि मॅक-लिनक्सवर एलसॉफ चालवून त्याचा प्रोसेस नंबर शोधतात आणि त्याला बंद करतात. तुम्ही मात्र सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ८०८१ लिहा. मग बंद करण्याचा ८००५ पोर्टही अडलेला निघेल. तोही बदला, म्हणजे दोन टॉमकॅट सुखाने मेमरी खात बसतील.

यानंतर हेच फोल्डर पेनड्राइव्हवरून लिनक्सवर न्या. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही सन कंपनीची घोषणा जावाबद्दल होती, जावा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टबद्दल नव्हती. स्टार्टअप.एसएच आधी परवानगी मागेल. सीएचमॉडने ती दिलीत की 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडून बसेल, कारण विंडोजवर फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह चिकटलेलं असतं. एडिटरमध्ये डोळे फोडून पाहिलंत तरी ते सहसा दिसत नाही. डॉसटूयुनिक्स चालवलं की जातं. क्लासपाथ विंडोजवर अर्धविरामाने तोडतात, लिनक्सवर अपूर्णविरामाने. शाळेत विरामचिन्हांचे सोडून दिलेले मार्क इथे असे वसूल होतात.

'क्लास व्हर्जन ६१' चालणार नाही असं आलं, तर कोड जावा १७ वर बांधलाय आणि मशीनवर जुनी जावा आहे. हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं की कोणी वाचत नाही.

आता शेवटची पायरी. लॉग फोल्डरातली कॅटलिनाची फाइल उघडा, पहिल्या चार ओळींचा मोबाइलवर तिरका फोटो काढा, त्यात ट्यूबलाइटही येऊ द्या, आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'चालत नाहीये, अर्जंट' असं लिहून टाका.

ग्रुपवर उत्तर देणाऱ्यांची मात्र एक विनंती आहे: लॉगमधला शेवटचा 'कॉज्ड बाय', जावाची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव टाइप करून पाठवा. फोटो नको.