बाबू, जागे आहा का जी?

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. महाराष्ट्र दिनही तोच आणि कामगार दिनही तोच. ज्या जिल्ह्याचा जन्मच सुटीच्या दिवशी झाला, तिथल्या कार्यालयांत दुपारी बाबू लोकांना थोडी पेंग आली तर दोष बाबूंचा नाही, पत्रिकेचा आहे. हे मत आमच्या बडे बाबूंचं. त्यांनी ते डोळे मिटून मांडलं होतं, त्यामुळे त्यात चिंतन किती आणि झोप किती, हे खात्रीनं सांगता येत नाही.

मी आवक-जावकला असतो. पत्र आलं की शिक्का, क्रमांक, नोंद. पत्र गेलं की पुन्हा शिक्का, क्रमांक, नोंद. या कामात शरीराचं उजवं मनगट तेवढं हलतं. उरलेला देह शासनानं खुर्चीकडे प्रतिनियुक्तीवर पाठवलेला आहे. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुटी सोडली, तर पूर्वी हे बसणं सहा दिवसांत वाटलं जायचं. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, सगळे शनिवार मोकळे मिळाले आणि त्याची भरपाई म्हणून रोजचं बसणं लांबलं: सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15, मध्ये जेवायला अर्धा तास. निर्णय लागू करायला तारीखही अशी निवडली की तिचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. शासनाला घाई कशाचीच नसते.

पेंगेचा तपास सुरू केला की पहिला संशयित डब्यातच सापडतो. आमचा मुलूख धानाचा. पावसाळ्यात पऱ्हे आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि पुंजणे, आणि राइस मिलचा कोंडा बारा महिने हवेत. इथं चार पोळ्या खाऊन उठलेल्या माणसाला कोणी जेवला म्हणत नाही; भात यायचा असतो म्हणून लोक त्याची वाट बघत बसतात. त्यातून भात एचएमटीचा असला तर विचारूच नका. हा तांदूळ आमच्याच, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, झाडीपट्टीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये पटेल-3 च्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या आणि त्यातून वाण उभं केलं. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळं जोरात होती, तेच नाव तांदळाला मिळालं. म्हणजे दादाजींनी उन्हात उभं राहून, डोळे उघडे ठेवून जे शोधलं, ते खाऊन आम्ही सावलीत बसून डोळे मिटतो. घड्याळाच्या नावाचा तांदूळ पोटात गेला की भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं होतं, हा अनुभव तर सगळ्या टेबलांचा आहे.

पण सगळा ठपका भातावर ठेवणं अन्यायाचं होईल. माणसाच्या शरीराच्या चोवीस तासांच्या चक्रात दुपारी एकच्या पुढे दोन-तीन तास एक ओहोटी असते. ती उपाशी माणसालाही लागते, म्हणून एकादशीलाही आमच्याकडे कामाचा वेग वाढलेला दिसत नाही. पोटभर भात ती ओहोटी आणखी खोल करतो, एवढंच. त्यात मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात असतो, खिडकीत कूलर एका सुरात घरघरत असतो आणि पंख्याखाली फाईलींची पानं हळूच वाजत असतात. अशा वातावरणात जो जागा राहतो त्याच्या हेतूंविषयी शंका घ्यावी.

दिवाळीनंतर प्रकरण आणखी गंभीर होतं. गावोगाव मंडई भरते आणि मंडई म्हटलं की रात्री झाडीपट्टीचं नाटक आलंच. हे नाटक दोन अंकांत आटोपून शेवटची बस गाठू देणारं नाटक नव्हे. ते रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडायला टेकलं की संपतं. मधे गाणी, लावणी, विनोद, खलनायकाला शिव्या, सगळं आलं. पहाटे नायिकेला न्याय मिळतो आणि 9.45 ला आम्ही थंब लावतो. यंत्र अंगठा ओळखतं, डोळे तपासत नाही, ही त्या यंत्राची थोरवी.

पेंगेवर उपाय नाहीत असं नाही. टेबलागणिक एक आहे. पहिला उपाय चहा. आमच्या रोखपालांचा त्यावर ठाम विश्वास आहे आणि तो दुपारभर चालतो. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास लागतात. त्यामुळे चार-साडेचारला घेतलेला कप रात्री नऊ-दहालाही अर्धा कामावर असतो. परिणामी रोखपाल रात्री टक्क जागे असतात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात कोटा भरून काढतात.

दुसरा उपाय खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना एका पन्नीत घालून घोटत बसायचं. घोटताना मनगटाला व्यायाम होतो, खाल्ल्यावर डोकं हलकं होतं आणि थुंकायला म्हणून का होईना, माणूस खुर्चीतून उठतो, असे तीन फायदे आमचे एक सहकारी सांगतात. चौथं सांगत नाहीत: तोंडाचा कर्करोग. हा एक उपाय असा आहे की त्यानं शेवटी कायमची झोप लागते. जिन्याच्या कोपऱ्यातला रंग तर कोणत्याच रंगकामाच्या निविदेत नव्हता.

तिसरा उपाय शास्त्राधार. बडे बाबूंनी कुठूनसं शोधून काढलं की आयुर्वेदानं दिवसा झोपायला निरोगी माणसाला मनाई केली असली, तरी ग्रीष्म ऋतूत सूट दिली आहे. हे खरंच आहे. फक्त बडे बाबूंच्या हिशेबानं गोंदियातला ग्रीष्म फेब्रुवारीत लागतो आणि ऑक्टोबरची हीट संपेपर्यंत चालतो. उरलेल्या दिवसांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "थंडीत विदर्भात सगळ्यात कमी पारा कुठं घसरते? गोंदियालेच ना? मग अंग आखडून बसलेल्या मानसानं हलाचं कसं जी?"

चौथा उपाय दिल्लीहून आला. आयुष मंत्रालयानं 1 सप्टेंबर 2021 रोजी ‘वाय-ब्रेक’ नावाचं ॲप काढलं: कामाच्या जागीच करायची पाच मिनिटांची योगासनं, थोडा प्राणायाम, थोडं ध्यान. योजना चांगली आहे. आमच्याकडच्या एका उत्साही साहेबांनी ती मनावर घेतली आणि सगळ्यांना टेबलाशी उभं केलं. ताडासनात आम्ही सर्वांनी दोन्ही हात वर केले. नेमकी त्याच वेळी खिडकीशी धानाच्या बोनसच्या यादीची चौकशी करायला आलेल्या शेतकऱ्यांची रांग होती. रांगेतला पुढचा म्हातारा मागे वळून म्हणाला, "चला रे बाप्पा, साहेबाईनं तं हात वर केले!" रांग मोडली. ध्यानाच्या टप्प्यात मात्र आमची प्रगती इतकी झाली की साहेबांना एकेकाला हलवून परत आणावं लागलं.

पाचवा उपाय दहा हजार पावलांचा. या आकड्याचा उगम वैद्यकातून झाला नाही, बाजारातून झाला. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. पुढं साऱ्या जगानं तो आकडा उरावर घेतला. बडे बाबूंच्या मोबाइलमध्येही पावलं मोजणारं ॲप आहे. आणि आश्चर्य म्हणजे ते रोज उद्दिष्ट गाठतात, मोबाइल त्यांचं अभिनंदन करतो. रहस्य साधं आहे. सकाळी ते मोबाइल शिपाईकाकांच्या खिशात ठेवतात. काका दिवसभर फाईली घेऊन जिने चढतात-उतरतात आणि आरोग्य बडे बाबूंच्या खात्यात जमा होतं. वरिष्ठांनी कनिष्ठांच्या कामाचं श्रेय घेणं आमच्या कार्यालयांत नवं नाही, पण इतकं पायाशुद्ध श्रेय मी प्रथमच पाहिलं.

एकदा मी बडे बाबूंना म्हटलं, बसून काम करणारा प्रत्येक माणूस पेंगतो असं कुठंय? गोंदिया पूर्वापार बिडीचं गाव. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन बायांनी जन्म काढले. पाठ धरते, मान अवघडते, तंबाखूची धूळ छातीत जाते, तरी हात थांबत नाही, कारण मजुरी हजार बिड्यांवर मिळते. पेंगली ती गेली. आणि सोबतीला गप्पा असतात. तिकडे क्युबात तर 1865 पासून चिरुटाच्या कारखान्यांत कामगारांना वाचून दाखवायला माणूस ठेवायची प्रथा पडली. हात वळत राहायचे आणि कानावर बातम्या नि कादंबऱ्या पडायच्या. आपल्याकडेही तसं केलं तर?

"वाचाले शासन निर्णय सोडून दुसरं का हाय आपल्याकडे?" बडे बाबू म्हणाले. "पहिल्याच संदर्भ क्रमांकाले सगळे आडवे होतीन."

"बरं, वाचन राहू द्या. बिडीसारखा नगावर पगार दिला तर? जितक्या नोंदी, तितके पैसे?"

त्या दिवशी कार्यालयात संध्याकाळपर्यंत कोणालाही झोप आली नाही.

या विषयातला खरा पुरावा मात्र लंडनच्या बसमध्ये सापडतो. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. बस तीच, कंपनी तीच. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटं फाडत पाचसहाशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त, कंडक्टरांत कमी. त्याच अभ्यासात टपाल खातंही होतं: पायी फिरणारे पोस्टमन ठणठणीत आणि टेबलावरचे कारकून धोक्यात. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, पण बडे बाबू डगमगले नाहीत. मॉरिस यांनीच पुढं 1956 मध्ये गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पॅंटी कमरेला मुळातच मोठ्या निघाल्या. "पाहा," बडे बाबू स्वतःच्या पट्ट्याचं नवं भोक चाचपत म्हणाले, "जाडे लोकच बसाच्या नोकरीत येतेत. नोकरीचा दोष नाही." हे संशोधन करणारे मॉरिस स्वतः व्यायाम करत 99 वर्षांचे होऊन 2009 मध्ये वारले, हे बडे बाबूंना सांगितलं, तर त्यांनी सेवानिवृत्तिवेतन किती वर्षं मिळालं असेल याचा हिशेब सुरू केला.

मी शेवटचं उदाहरण घरचं दिलं. मारुती चितमपल्ली सरकारी नोकरच होते. वनखात्यात, आपल्याच नवेगावबांधला. पण तळ्याकाठी, रानात पायी फिरले, पक्षी पाहिले, पुस्तकं लिहिली आणि 92 वर्षं जगले. बडे बाबू क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, "मंग आवक-जावकलेही एक वाघ मंजूर करा लागन."

वाघ मंजूर होईल तेव्हा होवो. तोवर आमच्या कार्यालयातला कंडक्टर म्हणजे शिपाईकाका. निवृत्तीला आलेत, पण पोट नाही, धाप नाही, दुपारी पेंग नाही. निदान आतापर्यंत नव्हती. मग ई-ऑफिस आलं. फाईल संगणकातून जाऊ लागली, काकांचे जिने संपले, ते स्टुलावर बसले आणि आता तीनच्या सुमारास त्यांचीही मान कलते. बडे बाबूंची पावलं तर इतकी घसरली की ॲपनं त्यांना तब्येतीची चौकशी करणारा संदेश पाठवला. जो आजार इतकी वर्षं टेबलावाल्यांपुरता होता, तो डिजिटल पद्धतीनं शेवटच्या घटकापर्यंत पोचला.

तेव्हा मी एक गोष्ट सुरू केली. माझ्या टेबलावरचं पत्र ज्याच्याकडे जायचं, त्याच्याकडे मीच घेऊन जातो. संगणकातून पाठवलं तरी उठून सांगायला जातो: पाठवलंय, उघडा. कारण ई-ऑफिसात फाईल क्षणात पोचते, उघडायला मात्र पंधरवडा लागतो. सुरुवातीला लोक दचकले. आवक-जावकचा बाबू चालत येतो म्हणजे विभागीय चौकशी लागली, असंच त्यांना वाटलं. पण समोर माणूस उभा राहिला की समोरचाही जागा होतो, हा याचा जोडफायदा. एका फाईलीत दोन माणसं जागी होतात. आणि तिसरा तो खिडकीशी उभा असलेला. अर्जुनी मोरगावहून किंवा सालेकसाहून बसनं आलेला, सातबारा छातीशी धरून. त्याचं काम त्याच दिवशी झालं, तर त्याची पुढची खेप वाचते. त्याला व्यायामाची गरज नाही. त्यानं रोवणीला चिखलात पुरेसा केला आहे. त्याच्या चपला आमच्यामुळे झिजतात, त्या आमच्या झिजायला हव्यात.

म्हणून टेबलावर बसणाऱ्या सर्व बंधुभगिनींना माझी विनंती आहे. चहा प्या, भात खा, जमलं तर हातही वर करा, पण रांगेकडे पाठ करून. आणि दुपारी दोनच्या ठोक्याला, डोळे मिटायच्या आत, समोरच्या गठ्ठ्यातली सगळ्यात जुनी फाईल उचलून स्वतः पुढच्या टेबलावर नेऊन ठेवा. जागं राहण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय शासनाच्या कोणत्याही दरपत्रकात नाही.