सायरनविना चौदाशे किलोमीटर

ब्रिटनच्या नकाशात खाली डाव्या कोपऱ्यात लँड्स एंड आणि वर पार उत्तरेला जॉन ओ'ग्रोट्स अशी दोन ठिकाणं आहेत. रस्त्याने अंतर ८७४ मैल, म्हणजे १,४०० किलोमीटरच्या आसपास. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याचं कोणाचंही काही काम नसतं. तरी दरवर्षी असंख्य लोक हा रस्ता सायकलने तुडवतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हातात देणगीचा डबा असतो. इंग्रज माणूस सत्कार्याला सरळ पैसे देत नाही. आधी कोणाला तरी त्रास होताना त्याला पाहायचं असतं. आपल्याकडे नवस बोलणारा स्वतःच चालत जातो. इथे नवस एकाचा, पाय दुसऱ्याचे आणि पैसे तिसऱ्याचे.

आमचा शेजारी मिडलंड्समधल्या एका फायर स्टेशनात ग्रीन वॉचवर आहे. वॉच म्हणजे पाळीची टोळी. दोन दिवस, दोन रात्री, मग चार दिवस सुट्टी. या सुट्टीचं काय करायचं हा प्रश्न त्या मंडळींना फार छळतो आणि त्यातूनच असल्या कल्पना निघतात. आठ जणांनी फायर फायटर्स चॅरिटीसाठी सायकली हाणायचं ठरवलं. ही संस्था १९४३ सालची. महायुद्धात लंडन-कॉव्हेंट्री जळून गेल्यावर आगीच्या बंबांवरच्या माणसांकडे आणि त्यांच्या बायकामुलांकडे कोणीतरी बघायला हवं म्हणून निघालेली. सामानाची व्हॅन मागून आणायला एक माणूस कमी पडत होता. "तू भारतात गाडी चालवली आहेस ना?" एवढी एकच परीक्षा घेऊन माझी नेमणूक झाली. बायकोने सोबत चकल्यांचा डबा दिला.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. या लोकांना आयुष्यात कधी रस्ता मागावा लागलेला नाही. ते येताना दिसले की दुनिया बाजूला होते, लाल दिवासुद्धा त्यांना फारसा आड येत नाही. आता कॉर्नवॉलच्या गल्लीवजा रस्त्यांत, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कुंपण आणि पुढे गवत लादलेला ट्रॅक्टर. वॉच मॅनेजर, म्हणजे टोळीचे साहेब, सर्वांत पुढे होते. त्यांनी हँडलवर सवयीने सायरनचं बटण चाचपलं. सापडली ती घंटी. ट्रिंग. ट्रॅक्टरवाल्याने मागे न बघता प्रेमाने हात हलवला आणि तसाच पुढचे दोन मैल हलवत राहिला.

कॉर्नवॉल आणि डेव्हन हा भाग नकाशात निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तिथे चढ संपला की उतार आणि उतार संपला की त्याहून वाईट चढ. ब्रिटिश अग्निशमन दलात 'डायनॅमिक रिस्क असेसमेंट' नावाचं एक शास्त्र आहे. घटनास्थळी धोका क्षणाक्षणाला बदलतो, तसा निर्णयही बदलावा. साहेबांनी ते डार्टमूरच्या पायथ्याशी लागू केलं आणि निर्णय असा झाला की आधी चहा घ्यावा. चहाबरोबर स्कोन नावाचे छोटे पाव आले. कॉर्नवॉलात स्कोनवर आधी जॅम लावतात आणि वर साय, डेव्हनमध्ये आधी साय आणि मग जॅम. आमच्यात दोन्ही पंथांचे अनुयायी निघाले. जळत्या घरात एकमेकांच्या भरवशावर जीव टाकणारी ही माणसं संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती. मी चकल्या फिरवल्या. चकलीला उलटसुलट नसल्यामुळे तह झाला.

सगळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात त्याला कारण आहे. इथला वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीवर. हे मला प्रत्येकाने स्वतंत्रपणे समजावून सांगितलं. सेव्हर्न नदीवरच्या १९६६ सालच्या पुलावर पोचेपर्यंत वारा उत्तरेचा झाला होता आणि मग त्या विषयावर कोणीच बोलेना.

चेशरमध्ये एके ठिकाणी लिव्हरपूलची पाटी दिसली आणि मला बर्कनहेड आठवलं. लिव्हरपूलसमोरच्या त्या बंदरातून १९४४च्या फेब्रुवारीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज निघालं. १४ एप्रिलला ते मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळ्यासकट फुटलं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ लोक गेले. भारतात त्याच तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात. दुपारच्या जेवणाला मी हे सांगितलं. साहेबांनी सविस्तर चौकशी केली: आग कोणत्या खणात होती, पाणी किती मारलं, जहाज बाहेर का ओढलं नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची आग, पण बाईंनी (टोळीत एकच बाई होत्या) सँडविचच्या कागदावर जहाजाचा छेद काढून घेतला.

उत्तर इंग्लंडातला शॅपचा चढ सव्वाचारशे मीटरवर जातो. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, कारण सगळे पायी चालले.

खरी घटना घडली लॉख नेसच्या काठच्या एका गावात. आम्ही एका घरगुती लॉजमध्ये उतरलो होतो. नोकरीत नव्याने लागलेल्या पोराने सकाळी ग्रिलखाली पाव ठेवले आणि तो चाकात हवा भरायला गेला. धुराचा अलार्म किंचाळला. अर्ध्या मिनिटात आठही जण हिरवळीवर. कोणी टॉवेलात, कोणी अर्ध्या लायक्रात, आणि साहेब माणसं मोजताहेत. मी चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आलो, तर आग लागली असताना सामान उचलू नये यावर मला दवात उभं राहून व्याख्यान ऐकावं लागलं. दरम्यान बाईंनी आत जाऊन ओल्या फडक्याने प्रकरण मिटवलंही होतं. पण समोरच्या आजींनी धूर पाहून ९९९ फिरवला होता.

फोन गेला दूर डंडीच्या नियंत्रण कक्षात. तिथून फिरून आला तो आमच्या लॉजमालकाच्या कमरेच्या पेजरवर. स्कॉटलंडच्या खेड्यांत पूर्णवेळ जवान परवडत नाहीत. दुकानदार, सुतार, लॉजवालेच पेजर वाजला की धावतात. मालकाने पेजर वाचला. पत्ता त्याचाच होता. पण नियम म्हणजे नियम. आठ पूर्णवेळ जवानांना ओलांडून तो गाडीत बसला, स्टेशनात गेला, गणवेश चढवला आणि सायरन वाजवत बंबातून स्वतःच्या घरी परत आला. आमच्या लोकांनी घड्याळ लावलं होतं. 'वेळ बरी आहे' असा शेरा मिळाला.

बंबावरच्या प्रमुखाने वही काढून विचारलं, "जागेचा मालक कोण?"

मालकाने हेल्मेटखालून हात वर केला.

मग सगळ्यांना चहा झाला, स्थानिक मंडळींनी आमच्या डब्यात नोटा टाकल्या. निघताना साहेबांनी अजीजीने विचारलं, की मैलभर सायरन वाजवत आमच्या पुढे चालाल का? नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. तो नियम साहेबांना पाठ होता, तरी विचारून पाहिलं.

जॉन ओ'ग्रोट्सला सुप्रसिद्ध पाटीखाली फोटो झाले, गळाभेटी झाल्या. तेवढ्यात तिथल्या चहावाल्याने सहज सांगितलं, की ब्रिटनच्या मुख्य भूमीचं अगदी उत्तरेचं टोक हे नव्हेच. ते डनेट हेड, इथून पश्चिमेला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आठही सायकली व्हॅनवर चढल्या आणि डनेट हेडला आम्ही डिझेलवर गेलो.