सातबाऱ्यावर सोव्हिएत

आजोबा जाऊन तीस वर्षं होतात, तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच राहतं. संयुक्त राष्ट्रांचं दप्तरही त्याच तलाठ्याकडे असावं. सनदेचं कलम 23 उघडा. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांत सोव्हिएत संघ आजही ठाण मांडून आहे. तो 1991 मध्ये निवर्तला. चीनच्या नावावर अजून तैवानमधल्या सरकारची नोंद आहे. त्या सरकारला 1971 मध्येच बाहेर काढलं गेलं.

खुर्चीचा ताबा मात्र झटपट मिळाला. 24 डिसेंबर 1991 ला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांचं पत्र आलं आणि रशिया सोव्हिएत खुर्चीत बसला. मतदान नाही, हरकती नाहीत. इतरांना जागा द्यायचा विषय निघाला, तेव्हा 1993 मध्ये कार्यगट नेमला गेला, 2009 मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि त्या अजून चालूच आहेत. ओबामा 2010 मध्ये आपल्या संसदेत येऊन भारताच्या कायम जागेला पाठिंबा जाहीर करून गेले. आपण बाकं वाजवली. बाकं वाजली, बाकी काही झालं नाही.

जग बहुध्रुवीय झालं, असं आता सगळेच सांगतात. मॉस्को आणि बीजिंगने तर 1997 मध्येच तसं संयुक्त निवेदन काढलं होतं. ध्रुव कितीही होवोत, किल्ल्या पाच कायम सदस्यांच्याच कमरेला. सनद बदलायची तर दोन तृतीयांश देशांबरोबर या पाचही जणांची मान्यता लागते. म्हणजे ठराव एकट्याने पाडायचा नकाराधिकार काढून घ्यायलाही नकाराधिकारवाल्यांचीच परवानगी!

फेब्रुवारी 2022 मध्ये परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे होतं, ठराव रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाविरुद्ध होता आणि तो पाडलाही रशियानेच. सप्टेंबर 2025 मध्ये गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावाला 14 मतं पडली, विरोधात एकट्या अमेरिकेचं. जिंकली अमेरिका. लिश्टेनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने 2022 मध्ये एवढं ठरलं, की नकाराधिकार वापरला गेला तर दहा कामाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होईल. चर्चा होते. भाषणं होतात. ठराव पडलेलाच राहतो.

आता आपल्याबद्दल. भारत, ब्राझील, जर्मनी, जपान या चौकडीचा प्रस्ताव असा, की नव्या कायम सदस्यांनी नकाराधिकार आढावा होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं, वापरू नये. मागायचा, पण लगेच वापरायचा नाही. सोवळंही सांभाळलं आणि पंगतही चुकली नाही.

भारताने कायम जागा जरूर मागावी, तो हक्कच आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं : आपल्याला नकाराधिकार मोडायचाय, की त्यात वाटा हवाय? अडवणारे पाचाचे सहा झाले, म्हणून एकही युद्ध थांबणार नाही. ठराव पाडणारा एक हात तेवढा वाढेल.