नळी वाजवून घेणारे आप्पा

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात, ज्या गावाची जमीन एमआयडीसीत गेली त्या गावात एक आप्पा असतोच. पूर्वी ते चाकणच्या बाजारात लोकांना बैल घेऊन द्यायचे. दात बघायचे, खूर बघायचे आणि व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. मग शेतं कंपन्यांच्या कुंपणात गेली, पण पारख करायची खोड काही जाईना. लोक त्यांना स्कॉर्पिओ घ्यायला नेऊ लागले, मग फ्लॅट बघायला, आणि हल्ली बारा बोअरची दुनळी घ्यायला. आप्पांकडे स्वतःची बंदूक नाही, परवानाही नाही. कुणी हटकलंच तर म्हणतात, "आचाऱ्याला शुगर आहे म्हणून त्यानं काय बासुंदी आटवायची नाही?"

आप्पांकडे येणारी गिऱ्हाइकं दोन जातींची. पहिलं म्हणजे गुंठामंत्री. याला बंदूक हवी असते कारण चुलतभावाकडे आहे. अर्जात मात्र कारण असतं 'रानडुकरांपासून पिकाचं संरक्षण'. पीक कुठलं, तर म्हाळुंग्याच्या गोदामाचं भाडं! तिथे डुक्कर आलंच तर फोर्कलिफ्टखाली सापडून मरेल. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकरावरही मनाला येईल तेव्हा बार टाकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. खेड-जुन्नरच्या उसातल्या बिबट्याचं तर नावच काढू नये.

हा गडी दुकानात शिरताना "भारीतली दाखवा" म्हणतो आणि किंमत ऐकली की "बजेटमधली दाखवा" म्हणतो. मधल्या वेळात इतिहास. "आमच्या चाकणनं १६६० साली शाहिस्तेखानाला पन्नासहून जास्त दिवस झुंजवलं, आप्पा!" आप्पा दस्त्यावरून हात फिरवता फिरवता म्हणतात, "झुंजवलं ना. फिरंगोजी नरसाळा होता म्हणून. पण बुरूज पडला तो खालनं सुरुंग लागून. तुझे आधी कागद बघू."

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त फौजी. एटीएमची रोकड नेणाऱ्या गाडीवर किंवा कंपनीच्या गेटवर बसायचं असतं, आणि परवाना असलेला गनमन म्हटला की पगार जरा बरा मिळतो. हा पेन्शनीतून पैसे घालतो, त्यामुळे त्याला खरोखरच स्वस्तातली आणि खरोखरच चालणारी बंदूक पाहिजे असते. याच्याबरोबर जाताना आप्पा तंबाखूसुद्धा मळत नाहीत.

दुकानात नवी देशी दुनळी असते, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, नाहीतर जम्मू किंवा मुंगेरच्या खासगी कारागिरांची. आणि एका कपाटात वारसांनी जमा केलेल्या जुन्या विलायती. आजोबा गेले, नातू आयटीत, बंदूक दुकानात. आप्पा लाकडाचा पुढचा तुकडा काढतात, नळ्या सुट्या करतात, एका बोटावर अधांतरी लटकवतात आणि पेन्सिलीनं टिचकी मारतात. टणत्कार स्वच्छ लांबला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं डाख शाबूत. बद्द वाजली तर पट्टी सुटलेली. मग दुकानदार चहा सांगो नाहीतर लस्सी, आप्पा उठतात. पुढे नळी ट्यूबलाइटकडे धरून आतली प्रकाशाची वर्तुळं बघायची. ती वेडीवाकडी दिसली तर पोचा आहे, काळे ठिपके दिसले तर गंजानं खड्डे पाडलेत. नळ्या परत बसवून, पुढचं लाकूड न लावता, बंदूक हलवायची. खडखडली तर बिजागरी झिजली. गुंठामंत्री एवढ्या वेळात दस्त्यावरच्या नक्षीचे फोटो काढून मोकळा झालेला असतो.

रिकाम्या बंदुकीचा चाप मात्र आप्पा ओढू देत नाहीत, खोटं काडतूस घालायला लावतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. एक ओढल्यावर दुसरीही सुटली तर ती बंदूक नव्हे, अपघात आहे. सेफ्टीवरही त्यांचा विश्वास नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. बहुतेक दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही.

स्वस्त जुन्या बंदुकीतली खरी मेख वेगळीच असते. नळीचं घर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं आणि बाजारातलं काडतूस ७० चं. गंमत अशी की ते आत बसतं. बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणून आप्पा आधी नळीवरचे शिक्के वाचतात, चष्मा पुसून दोनदा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, त्याची 'शक्तिमान' काडतुसं इथे सगळ्यांना ठाऊक, पण खोक्यावरची लांबी वाचणारे थोडेच. पिळाच्या पोलादाची, नागमोडी नक्षीची विलायती नळी दिसली की गुंठामंत्री हरखतो. आप्पा म्हणतात, "ही काळ्या दारूच्या जमान्यातली. भिंतीवर लाव, खांद्याला लावू नको."

फौजीला ते बहुधा नवी, साधी, बिननक्षीची देशी दुनळी घेऊन देतात. दस्ता ओबडधोबड, चाप जरा जड, पण टणत्कार स्वच्छ आणि घर ७० चं. गुंठामंत्र्याला सांगतात, "घेऊ नको." तो घेतोच. मग आप्पा निदान एवढं बजावतात की वरातीत किंवा बैलगाड्याच्या घाटात हवेत बार काढायचा नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

घेणार असाल तर तुम्हीही ऐकून ठेवा. १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हापासून चाकणकरांचं परवान्याचं काम कलेक्टर कचेरीतून आयुक्तालयात गेलं. परवाना आता पाच वर्षांचा असतो. आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. ती परत घेताना पावती मागतात, तेव्हा पावती जपून ठेवा.