दोन इंच माया

ऑपरेशनच्या आधी आहारतज्ज्ञ बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "यावर तुमची उद्दिष्टं लिहा."

मी बँकेत २७ वर्षं काढलेली. उद्दिष्ट म्हटलं की मला मार्च महिना आठवतो. ठेवींचा भलामोठा आकडा वरून येतो, आपण तो निमूटपणे लिहून घेतो आणि पुढचं बघून घेऊ म्हणतो. त्याच सवयीनं मी लिहिलं, ५८ किलो. माझं लग्नातलं वजन. त्या दिवशी काटा ११८ दाखवत होता.

बाईंनी कागद वाचला. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"मिस्टरांचं वजन किती होतं तेव्हा?"

मिस्टर शेजारीच बसले होते. त्यांनी पोट आत घेतलं आणि भिंतीवरचा अन्नघटकांचा तक्ता वाचायला लागले.

मग बाईंनी हिशेब मांडला. या शस्त्रक्रियेनं जास्तीच्या वजनातलं साधारण साठ-सत्तर टक्के पहिल्या वर्ष-दीड वर्षात उतरतं, तेही खाणं आणि चालणं सांभाळलं तर. माझी उंची १५८ सेंटिमीटर. म्हणजे सगळं नीट जमलं तरी मी ८०-८५च्या आसपास थांबणार. पैठणी घ्यायला जावं आणि दुकानदारानं ब्लाउजपीस दाखवून बोळवण करावी, तसं झालं मला. बाईंनी दुसरा कागद दिला. "आता किलो हा शब्द न वापरता लिहा."

हे मात्र अवघड निघालं. कागद घरी आणला, फ्रिजवर चिकटवला, तो पडला. शेवटी मी उद्दिष्टं कॅलेंडरच्या मागे लिहिली, जिथं आमचा दुधाचा हिशेब असतो. 'दूध २ लि., खाडा १४ तारीख' याच्या खाली 'पायाची नखं स्वतः कापणे.' त्याखाली 'रिक्षात दोघींच्या मध्ये बसणे.' 'मांडी घालून जेवणे आणि कोणाचा हात न धरता उठणे.' 'प्लॅस्टिकच्या खुर्चीवर न तपासता बसणे.' या शेवटच्यामागे इतिहास आहे. एका साखरपुड्यात अशी खुर्ची माझ्यासकट खाली बसली होती, आणि लोक धावले ते आधी खुर्चीचे पाय बघायला.

ऑपरेशनचं नाव स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची केळ्याएवढी अरुंद नळी ठेवतात, स्टेपलरनं शिवून. म्हणजे मोठ्या घेराच्या परकरातून एक बाही काढायची. मी डॉक्टरांना विचारलंही, "शिवणीत थोडी माया ठेवता का हो?" ते हसले आणि म्हणाले, "ती तुमचं शरीर आपणहून करतं. दोन-तीन वर्षांनी बाही जरा सैल होते. तोवर सवयी लावून घ्या."

तर सवयी. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत महिना-दीड महिन्यानं पोळीचा तुकडा तोंडात पडला. जेवण एका छोट्या वाटीचं, ते संपवायला वीस-पंचवीस मिनिटं. आधी उसळ किंवा अंडं किंवा पनीर, नंतर जागा उरली तर भात. जागा उरत नाही. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. 'गोळी चुकवायची नाही' हे माझ्या यादीतलं सगळ्यात कंटाळवाणं उद्दिष्ट, आणि डॉक्टरांना विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं.

हे सगळं घरात जमतं. पंगतीत नाही. भाच्याच्या मुंजीत मी अर्धी जिलबी घेतली आणि थांबले, तर वाढणारे काका ताटापुढून हलेनात. आपल्याकडे आग्रह हा 'नाही' ऐकण्यासाठी नसतोच. पलीकडून आत्या म्हणाल्या, "अगं, चिमणी तरी बरी! किती वाळलीस! काही दुखतंखुपतं का?" याच आत्या मागच्या दिवाळीत म्हणाल्या होत्या, "किती सुटलीस गं!" मराठी माणसाच्या डोळ्यात बाईचं वजन कधी बरोबर नसतंच. एक तर ती सुटलेली असते, नाहीतर वाळलेली. मधल्या अवस्थेला आपल्या भाषेत 'खात्यापित्या घरची' म्हणतात, पण ते सोयरीक जुळवताना.

आणखी एक जमात असते, 'सोपा मार्ग धरलास'वाली. त्यांना मी आता काही सांगत नाही. डायटिंगनं वीस किलो उतरवून पंचवीस चढवायचा उद्योग मी तीनदा केला आहे. पोट कापून घेणं सोपं वाटत असेल तर त्यांनी खुशाल धरावा हा मार्ग.

पाचव्या महिन्यात काटा ९१वर अडला. एक आठवडा, दोन, पाच. त्याच सुमारास केस कंगव्यात येऊ लागले. ते तात्पुरतं असतं, परत येतात, असं सगळे सांगत होते, पण मोरीच्या जाळीवरचा गुंता बघताना ते पटत नाही. त्या पाच आठवड्यांत मी ५८च्या नादी लागलेली असते तर उपास धरले असते, नाहीतर श्रीखंडाचा डबा. त्याऐवजी एका दुपारी गॅलरीत स्टुलावर बसले, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला. तो आला. कुरकुर न करता आला. नेलकटर लावलं आणि करंगळीच्या कडेला एक तीळ दिसला. हा तीळ मला लहानपणापासून माहीत होता. आई त्यावरून 'ही फिरणार फार' म्हणायची. गेली दहा-बारा वर्षं माझी नखं लेक कापत होती, आणि तिला वाटत होतं तो डाग आहे. मी दहाही नखं कापली, मग उगाच पुन्हा एकदा कानस फिरवली. कॅलेंडरच्या मागे बरोबरची खूण केली आणि त्या दिवसाचं अर्धा लिटर दूध लिहायला विसरले.

पुण्यातली पर्वतीची टेकडी चढणं, हे उद्दिष्ट अजून चालू आहे. पायऱ्या १०३, रुंद आणि पसरट. त्या चढायला सोप्या आहेत असं म्हणणारे लोक पहाटे पाचला येतात आणि पळत जातात. मी सातला जाते. पहिल्या दिवशी १८ झाल्या, तेव्हा एक आजोबा उतरता उतरता "येताय ना वर?" म्हणाले, आणि मी "आज नाही" म्हटलं. दर आठवड्याला पाच पायऱ्या जास्त, एवढंच. परवा ८३ झाल्या. माझं वजनही परवा ८३च भरलं. हा निव्वळ योगायोग, पण घरी आल्यावर मी दोनदा सांगितला.

काल लेकीच्या डोहाळजेवणासाठी पैठणीवरचा ब्लाउज काढला, तर त्यात मी आणि मिस्टर दोघं मावलो असतो. तो घेऊन शिंप्याकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून टाचण्या लावल्या आणि विचारलं, "ताई, आतलं कापड ठेवू की कापून टाकू?"

क्षणभर ५८ जिभेवर आलं. मग म्हटलं, "दोन इंच माया ठेवा, बाकीचं कापा."

मंगळवारी देतो म्हणाले. म्हणजे शुक्रवारी.