सुधारित प्रशासकीय मान्यता

धरणांची कामं चालणाऱ्या एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे एखादं काम ठरल्या मुदतीत, ठरल्या खर्चात आणि मुळात ठरलं होतं तसंच पार पडतं, यावर माझा विश्वास उरलेला नाही. काम लांबलं, महागलं किंवा मूळ नकाशाशी त्याचं नातं उरलं नाही, की आमच्याकडे 'सुप्रमा' घेतात. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. नव्याने रुजू झालेली मुलं पहिले काही दिवस ही कुणी वरिष्ठ बाई आहे असं समजतात, आणि कामाच्या दृष्टीने त्यांचं फारसं चुकत नाही. कारण ती पावली की कालपर्यंत रखडलेलं काम आज वेळापत्रकाप्रमाणे चाललेलं असतं.

चाळिसाव्या वाढदिवशी मी फुकट मिळालेल्या एका डायरीत 'पन्नाशीच्या आत' असा मथळा टाकून यादी केली होती. एव्हरेस्ट बेस कॅम्प. धरमतर ते गेटवे पोहत. ग्रेट बॅरियर रीफला समुद्राच्या तळाशी. फ्रेंच. आळंदी ते पंढरपूर पायी. मला पोहता येत नव्हतं, ही बाब टिपणीत नमूद नव्हती. पुढच्या पानापासून दूधवाल्याचे खाडे सुरू होतात, त्यावरून यादीचा पाठपुरावा किती झाला हे लेखापरीक्षकाला सहज कळेल.

2018 उजाडलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मला पन्नास पूर्ण होणार होती. डायरी लेकीच्या हाती लागली आणि तिने ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. नवरा हसला नाही. त्याने फक्त "धरमतर?" एवढंच विचारलं आणि आमटी वाढून घेतली. त्या रात्री मी पहिली सुप्रमा काढली.

एव्हरेस्ट बेस कॅम्प 5364 मीटरवर. कळसूबाई 1646 मीटरवर. उंचीत जवळपास सत्तर टक्के कपात, परंतु कळसूबाईला महाराष्ट्राचं एव्हरेस्ट म्हणतात, सबब कामाचं नाव कायम. ठाण्याहून कसारा लोकल, पुढे जीपने घोटीवरून बारी गाव. चढायला लागल्यावर कळलं की खरी उंची मीटरमध्ये मोजायचीच नसते, ती लिंबू सरबताच्या टपऱ्यांत मोजायची. प्रत्येक टपरीवाल्याने "आता काय, आलंच" असं सांगितलं. लोखंडी शिडीच्या मधोमध मला खाली बघायची बुद्धी झाली आणि मी तिथेच स्थावर मालमत्ता झाले. मागे कुठल्याशा शाळेची अख्खी सहल तुंबली. "बाई, तुम्ही डोळे मिटा, आम्ही पाय सांगतो," असं म्हणून सहावीतल्या एका मुलाने मला उजवा, डावा, उजवा असं वर चढवलं. शिखरावरच्या इवल्याशा देवळात मी देवीला हात जोडले आणि उतरायची दुसरी वाट आहे का, असं पुजाऱ्याला विचारलं.

पोहण्याबद्दल थोडक्यात सांगते. महापालिकेच्या तरण तलावावर महिलांची दुपारची बॅच. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काकू, पाण्याला घाबरू नका, पाणीच तुम्हाला घाबरलंय," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. हात मारले की मी खाली जायची आणि काहीच केलं नाही की वर यायची. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे निसर्गनियमासारखं वाटलं, म्हणून मी 'पोहणे' खोडून 'तरंगणे' केलं. उताण्या अवस्थेत मी आजही कुणाला हार जाणार नाही.

बॅरियर रीफचं तारकर्ली झालं. पावसाळ्यात तिथलं बोटिंग-बिटिंग बंद होतं, म्हणून मेच्या सुरुवातीलाच गाठलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ होडी नांगरतात. नवरा कॅमेरा घेऊन होडीत बसला. माझ्या पाठीला टाकी बांधली, तोंडात नळी कोंबली, कंबरेला शिसं लावलं. माझ्या बाबतीत त्याची फार गरज नव्हती. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण तो मुलगा टाकीला धरून तुम्हाला खाली नेतो आणि वर आणतो. आपण मांजरीच्या तोंडातल्या पिल्लासारखं लोंबकळत राहायचं. नाक दाबून कानातली हवा कशी सोडायची, काय खूण केली की काय समजायचं, हे सगळं त्याने होडीतच सांगितलं. तेव्हा मी किल्ल्याकडे बघत होते. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये काम सुरू करून तीन वर्षांत एवढा किल्ला समुद्रात उभा केला, तोही सुप्रमा न घेता, याचं मला व्यावसायिक दुःख होत होतं.

खाली गेले आणि खरोखर थक्क झाले. पट्ट्यापट्ट्यांचे मासे माझ्या चष्म्यासमोर येऊन चौकशी करून जात होते. मुलाने बोटाची खूण करून 'ठीक?' असं विचारलं. मी आनंदाने अंगठा दाखवला. त्याने मला वर नेलं. वर कुणालाच काही बोलता येईना, म्हणून पुन्हा खाली. मासे आले. मी अंगठा दाखवला. पुन्हा वर. मला वाटलं, यांच्याकडे हप्त्याहप्त्यानेच समुद्र दाखवत असतील. शेवटी त्याने माझ्या तोंडातली नळी काढली आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "वयनी, आंगठो कित्याक दाखवतास? आंगठो म्हणजे माका वर काढ!" त्यानंतर मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून बसले. मासे आले तरी चेहऱ्यावर आनंद दिसू दिला नाही. या प्रकरणाचा व्हिडिओ, त्यावर घातलेल्या गाण्यासकट, नवऱ्याने माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली माझ्या भावांनी आणि वहिन्यांनी ओळीने अंगठे पाठवले आहेत.

फ्रेंचच्या जागी मोडी आली. खर्चाचं कारण होतंच, पण खरं कारण सासूबाईंची ट्रंक. त्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, मोडीतला एक जुना कागद होता आणि तो पेशव्यांनी आमच्या घराण्याला दिलेल्या इनामाची सनद आहे, असं सासूबाई मी या घरात आल्यापासून सांगत होत्या. कोकणातल्या आमच्या शेजाऱ्यांशी बांधावरून असलेलं वैर त्या सनदेच्या भरवशावर टिकून होतं. मी रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो उचलायचा नाही. हेमाडपंताने ही लिपी आणली असं परंपरा सांगते. त्याला भेटले असते तर 'क' आणि 'फ' यांच्याबद्दल चार शब्द बोलले असते. जिथे अडले तिथे मास्तरांनी हात दिला, म्हणजे जवळजवळ सगळीकडेच.

कागद शके 1807 चा निघाला. म्हणजे 1885 साल. पेशवाई जाऊन चांगली सदुसष्ट वर्षं झालेली. आणि ती सनद नव्हती. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी त्याच शेजाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा तो कच्चा मसुदा होता. म्हशीसाठी घेतलेले साठ रुपये आश्विनअखेर परत करण्याचं कबूल केलं होतं, ते जमलं नाही, तरी शिमग्यापर्यंत मुदत वाढवून मिळावी, अशी विनंती होती.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

"म्हैस आटली असणार," सासूबाई म्हणाल्या.

माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. पैसे फिटल्याचा कागद नाही, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांचं व्याज. सासूबाईंचा चेहरा बघवेना, म्हणून मी त्यांना दामदुपटीचा नियम सांगितला. व्याज मुद्दलाच्या वर चढत नाही, तेव्हा फार तर एकशेवीस रुपये. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, पुन्हा शालूखाली सारला आणि बांधाबद्दल त्या दिवसापासून चकार शब्द काढलेला नाही. मला मात्र वेगळाच साक्षात्कार झाला. मुदतवाढ मागण्याची रीत या घरात माझ्या आधीपासून होती. आमच्या पत्रिकेत छत्तीस गुण का जुळले, ते तेव्हा कळलं.

उरली वारी. आधीच्या वर्षी पालखी जूनच्या मध्यावर निघाली होती, त्यामुळे मी यादीत निर्धास्तपणे 'जून' लिहून ठेवलं होतं. पंचांग बघायचं कुणाला सुचलं नाही. 2018 साली अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याचा महिना. माझ्या आईने जावयाला चांदीच्या वाटीसकट तेहतीस अनारसे वाण दिलं, जावयाने ते मिटक्या मारत संपवलं आणि त्याच महिन्याने माझी वारी उचलून जुलैत नेऊन टाकली. मेच्या शेवटी माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट आला, त्याचंही नाव 'बकेट लिस्ट'. भिशीच्या बायकांबरोबर जाऊन बघितला. त्यातली नायिका, जिचं हृदय तिला मिळालंय त्या मुलीची यादी पुरी करते. मध्यंतरात सगळ्या डोळे पुसत होत्या आणि मी हिशेब करत होते. तिला निदान यादी आयती मिळाली होती, आणि तिच्या आड अधिक मास आलेला नव्हता.

तोडगा सासूबाईंनी काढला. मोडीच्या प्रकरणानंतर त्या माझ्याशी जरा जपूनच वागत होत्या. त्यांनी विचारलं, "तुझी जन्मतिथी काय गं?" आईला फोन केला. ज्येष्ठ वद्य एकादशी. सासूबाईंनी दाते पंचांग उघडून बोट ठेवलं. तिथीने मला पन्नास 9 जुलैला पूर्ण होत होती, आणि त्याच एकादशीला माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते. पुऱ्या यादीत याहून निर्दोष मुदतवाढ मला मिळाली नव्हती.

व्याप्ती अर्थातच कमी केली. आळंदी ते पंढरपूरचं पुणे ते सासवड झालं. तो टप्पा साऱ्या वाटेतला सर्वांत लांब, तीस किलोमीटरच्या आसपासचा, असं कळल्यावर त्याचंही फक्त दिवे घाट झालं. वडकी नाल्याला दिंडीत शिरायचं, घाट चढायचा. नवरा बोपदेव घाटाने गाडी घेऊन वर येऊन थांबणार आणि सातच्या आत आम्ही परतीच्या रस्त्याला.

घाट चढताना माऊलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावतात. मला कुणी लावल्या नाहीत. त्यात एकादशी, पोटात साबुदाणा. नवे बूट टाचेला चावत होते. पहिल्याच वळणावर मी कठड्याला टेकले. शेजारून परभणीकडच्या बायकांची एक दिंडी चालली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाई थांबल्या, मला पाणी दिलं आणि विचारलं, "कितवी गं माय?"

मला दम लागला होता आणि डोक्यात दिवसभर एकच आकडा होता. मी म्हटलं, "पन्नास... पूर्ण झाली आज."

बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली आणि माझे पाय धरले.

"रखमे! अगं इकडं ये. ह्या माउलीच्या पन्नास वाऱ्या झाल्या!"

रखमा आली, मग बाकीच्या आल्या. मी "अहो नाही, वाढदिवस, माझा वाढदिवस," असं ओरडत होते, पण मृदंगापुढे ते कुणाला ऐकू जाणार. ज्यांना ऐकू गेलं त्या म्हणाल्या, "मोठी मानसं असंच म्हन्त्यात, सांगत नस्त्यात." वयाचा मेळ कसा बसतो, हा प्रश्नही त्यांनीच सोडवला. आईच्या कडेवर सुरू केली असणार. माझी पिशवी एकीने घेतली. बूट सोडवून दुसरीने आपल्या चपला दिल्या. आणि मानाची म्हणून तिसरीने डोक्यावरची तुळस उतरवून माझ्या डोक्यावर ठेवली. डोक्यावर तुळशीवृंदावन असताना बाईला वाकता येत नाही, वळता येत नाही आणि खोटं पडता तर मुळीच येत नाही.

घाट कधी चढले कळलं नाही. वर गाडीला टेकून नवरा उभा होता. मी मान न हलवता डोळ्यांनी त्याला खुणा केल्या. त्याने भक्तिभावाने हात जोडले. मला ओळखलं म्हणून नव्हे, तुळशीला. ओळख पटेपर्यंत दिंडी पुढे गेली होती आणि त्याच्या नि माझ्यामध्ये चारेक हजार वारकरी होते.

सासवडच्या तंबूत मला मधोमध बसवलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली, कुणीतरी टाचांना तेल लावलं. कोपऱ्यातले एक आजोबा कधीपासून माझ्याकडे निरखून बघत होते. ते सरकत पुढे आले.

"पन्नास म्हंजे भात्तरच्या दुस्काळातली वारीबी केली असंल तुम्ही."

तंबू एकदम गप्प झाला. 1972 साली मी चार वर्षांची होते आणि सोलापुरात आमच्या वाड्याच्या ओट्यावर बसलेली असायची. त्या दुष्काळातलं मला एकच काय ते आठवतं.

"सुकडी खायचो आम्ही," मी म्हटलं.

"आन् मिलो?"

"मिलोची लाल भाकरी."

"व्हय!" आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, म्या म्हन्लं नव्हतं? मला ह्या तवाच्या आठवत्यात."