होडी पडवीतच होऊ द्या, काका

सफोक, इंग्लंड

तीर्थस्वरूप काकांस,


तुमचं पत्र पोहोचलं. चिरंजीवांनी महाडच्या घराच्या पडवीत लाकडी होडी बांधायचं मनावर घेतलं आहे आणि "हे खूळ त्याच्या डोक्यातून तूच काढ" अशी तुमची आज्ञा आहे. खाली काकूंची आणि पोलादपूरच्या आत्यांची हरकतही जोडलेली आहे. सह्या तेवढ्या राहिल्या, नाहीतर हा कागद थेट तहसील कचेरीत दाखल करता आला असता. आज्ञा मोडायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी तुमची एकेक हरकत नीट तपासली. तपासाअंती अडचण अशी उभी राहिली की निकाल चिरंजीवांच्या बाजूनं लागतो आहे. परदेशात बसून सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत आणि होडी बुडाली तर आम्ही भिजत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणून मत बाजूला ठेवून पुराव्यानं बोलतो. म्हणणं एवढंच आहे: पहिल्यांदाच करवत धरणाऱ्या माणसानं घरी होडी बांधणं हे आता धाडस राहिलेलं नाही. त्यातलं धाडस आखणी करणाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वीच काढून घेतलं. मागे उरली ती चिकाटी, आणि चिरंजीवांकडे ती कितपत आहे याकडे शेवटी येतोच.

तुमची पहिली हरकत सर्वांत वजनदार आहे. होडी हे मिस्त्रीचं काम; ज्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यानं नाळ आणि फासळ्यांच्या गोष्टी करू नयेत. कोकणातल्या पिढीजात मिस्त्रींपुरतं हे शंभर टक्के खरं. कागदावर रेघ न ओढता, कण्यावर नाळ उभी करून, फळीचा बाक नुसत्या नजरेनं ठरवत ते होडी उभी करतात. ती विद्या अर्ध्या आयुष्याची आहे आणि चिरंजीवांनी तिच्या वाटेला जाऊच नये. पण १९६३ साली इंग्लंडात 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पाठबळावर 'मिरर' नावाची होडी निघाली, तिनं वेगळा रस्ता घेतला. मूळ कल्पना बॅरी बकनेलची. हा गृहस्थ बीबीसीवर लोकांना घरगुती सुतारकाम शिकवायचा. ती पक्की केली जॅक होल्ट या नावाजलेल्या आखणीकारानं. प्लायवूडचे मापात कापलेले तुकडे घ्यायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालून ते जोडायचे आणि सांध्यांवर रेझिनमध्ये भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवायची. दोन सपाट तुकड्यांच्या वक्र कडा एकमेकींना भिडवल्या की प्लायला वाकल्यावाचून गत्यंतर नसतं. बाक कुठे आणि किती, हे त्या कडेनंच आधी ठरवलेलं असतं. शिंप्याची खरी विद्या बेतण्यात असते, बेतलेले तुकडे जोडायला घरचं शिवणयंत्र पुरतं, तसाच हा प्रकार. किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग, लांबी ३.३ मीटर, आणि नुसत्या सांगाड्याचं वजन सुमारे ४५ किलो. आजवर अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी लोकांनी आपापल्या घरीच जोडल्या. एवढे सगळे लोक जन्मजात सुतार असते, तर बकनेलला दूरदर्शनवर येऊन त्यांना शिकवायची वेळ आली नसती.

तारेनं शिवलेली होडी हे ऐकूनच काकूंना हसू आलं असणार. पण शिवणं हा कमी दर्जाचा प्रकार मानण्याचं कारण नाही. हिंदी महासागरातली जहाजं शेकडो वर्षं काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवूनच बांधली जात. अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रात दिसणाऱ्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात अलीकडेच असं एक जहाज बांधलं, केरळच्या कारागिरांनी काथ्यानं शिवलं, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावानं ते भारतीय नौदलात दाखल झालं. ते निष्णात हातांचं काम, पडवीतलं नव्हे, हे कबूल. पण नौदलाला जी रीत चालते ती आपल्या आळीला चालू नये, असं म्हणायचं तर त्याला जास्त भक्कम कारण लागेल. नवख्या हातांचा पुरावाच हवा असेल तर तो आमच्या शेजारीच आहे. इथल्या वुडब्रिज गावात सटन हू इथल्या प्राचीन राजाच्या २७ मीटर लांब जहाजाची प्रतिकृती स्वयंसेवक बांधताहेत. १९३९ च्या उत्खननात त्या जहाजाचं लाकूड उरलंच नव्हतं. मातीत उमटलेला ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा तेवढ्या सापडल्या. जाणत्यांच्या देखरेखीखाली हे लोक ओकचे ओंडके कुऱ्हाडीनं तासतात. त्या मानानं चिरंजीवांची मागणी फारच माफक आहे.

पोलादपूरच्या आत्यांचं म्हणणं, आपण घाटातली माणसं, सात पिढ्यांत कुणी वल्हं धरलेलं नाही, समुद्राकाठच्यांनी करावीत ही कामं. पोलादपूरपुरता हा मुद्दा मान्य. तिथे सावित्री नुकतीच डोंगरातून उतरलेली असते. खडकांतून वाहते, तिथे होडी घातली तर ती नदीपेक्षा दगडांशीच जास्त बोलेल. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांच्या मुलखात माणसं कड्यावर चढून नाव काढतात, हेही खरं. पण आत्या ज्या नदीच्या काठी राहतात तिचा स्वभावच मुळात वेगळा. महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णा, कोयना, वेण्णा देशावर गेल्या. सावित्री कोकणात उतरली आणि बाणकोटला समुद्राला मिळाली. वाटेत महाडजवळ तिला गांधारी येऊन मिळते आणि भरतीचं पाणी समुद्रातून या बाजूला वर चढतं. म्हणून महाड हे डोंगराच्या पायथ्याचं गाव असूनही बंदर होतं. खाडीतून माल इथवर यायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. गांधारपाले लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना या वाटेचा उपयोग कळला होता. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावांनाही तो कळला. ते महाडला आले आणि पुढे इंग्रजी जहाजातून वसईला पोचले. पेशव्यांच्या घराण्यातही वल्हं धरायची परंपरा नव्हती, पण वेळ आल्यावर त्यांनी हा मुद्दा काढल्याचं वाचनात नाही. आणि १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले, २५ तारखेला दासगावला उतरले आणि महाडच्या परिषदेला आले. म्हणजे आपल्या गावाच्या इतिहासातलं एक मोठं पानसुद्धा पाण्याच्या वाटेनंच आलं आहे. नंतर रस्ते झाले, एसटी आली, खाडीत गाळ साचला आणि आपण बंदराचे रहिवासी आहोत हे विसरून गेलो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ साली हात घातला, तेव्हापासून ते पूर्ण होण्याच्या तारखा आपण वर्षानुवर्षं श्रद्धेनं मोजत आलो. एवढी श्रद्धा ज्या घरात आहे, त्या घरात एका होडीवर अविश्वास शोभत नाही.

काकूंच्या हरकती तीन: बुडेल, मगर खाईल, आणि पुरात जाईल. बुडण्याचं उत्तर आखणीत आहे. मिररच्या पोटात हवेचे बंद कप्पे असतात. होडी उलटली, पाण्यानं भरली, तरी त्यांच्या जोरावर ती तरंगत राहते आणि तिला धरून माणूसही राहतो. अंगात लाइफ जॅकेट हवंच, त्यावर वाद नाही. मगरींचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, आणि पूर्ण वाढलेली मगर चिरंजीवांच्या होडीहून लांब भरू शकते. म्हणून हात-पाय पाण्यात सोडून बसायचं नाही, संध्याकाळी जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही आणि पोहायचं तर मुळीच नाही. यावर काकू म्हणतील, मग जायचंच कशाला? तर मगर आहे म्हणून काठावर धुणं धुणं थांबलेलं नाही. आणि काठावरच्या माणसापेक्षा होडीत नीट बसलेला माणूस जास्त सुरक्षित आहे. पुराबद्दल मात्र काकूंचं म्हणणं शब्दशः मान्य. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीनं महामार्गावरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह नेला आणि जुलै २०२१ मध्ये सगळं महाड पाण्याखाली घातलं. त्या पाण्यात घरी बांधलेली होडी घालणं म्हणजे मरण मागून घेणं. जून ते सप्टेंबर होडी पडवीतच राहील, आणि ती बचावकार्यासाठी आहे असा समज घरातल्या कुणीही करून घेऊ नये. पण त्या पुरात रस्ते पाण्याखाली गेले आणि बाहेरची मदत पोचायला वेळ लागला, हेही तितकंच खरं. ज्या गावात पाणी घरात येतं, त्या गावच्या पोरांना ओढ म्हणजे काय, भरती कधी लागते, वल्हं कसं मारतात, भार कुठे ठेवला की होडी कलंडते, एवढं तरी ठाऊक असावं. आठ महिने शांत पाण्याशी ओळख असलेला माणूस उरलेले चार महिने त्या पाण्याला जास्त घाबरतो. ते घाबरणंच आपल्याला हवं आहे.

पाणी आणि लाकूड एकत्र आलं की लाकूड कुजतं, म्हणून पैसे फुकट जातील, हे तुमचं दुसरं म्हणणं. यावर पुरावा तुमच्याच घरात आहे. महाडमध्ये कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात 'मरीन प्लाय' मागा, मिळतो. त्यावर आयएस ७१० हे भारतीय मानक छापलेलं असतं. समुद्रासाठी केलेला हा माल आपल्याकडे किचन ट्रॉली करायला जातो आणि सिंकच्या गळक्या नळाखेरीज दुसरं पाणी न बघता म्हातारा होतो. चिरंजीवांना असे तक्ते फार लागणार नाहीत. क्लार्क मिल्सनं १९४७ साली फ्लोरिडात मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही होडी आखली, ती आठ बाय चारच्या दोन तक्त्यांत बसते. हवेबद्दल म्हणाल, तर महाड इंग्लंडपेक्षा सरस आहे. इथे हिवाळ्यात सांध्यांवरचं इपॉक्सी रेझिन सुकता सुकत नाही. महाडला नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते सुखानं बसतं. एप्रिलच्या उकाड्यात मात्र भांड्यातच तापून घट्ट होतं, तेव्हा थोडं-थोडं आणि पसरट भांड्यात कालवावं. ते भांडं स्वयंपाकघरातलं नसावं, ही सूचना काकूंच्या वतीनं. अंगणातल्या फणसाची काळजी करू नये. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या कामाचं असलं तरी त्या झाडांना हात लावू देऊ नये, रयत ती पोरांसारखी वाढवते, असं बजावलं आहे. स्वराज्याच्या आरमारासाठी जो फणस तुटला नाही, तो आपल्या पडवीसाठी तुटणार नाही.

आता सर्वांत अवघड हरकत, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे: "अर्धवट टाकेल." घरी सुरू झालेल्या होड्यांचा हा जगभरचा आजार आहे. कारण स्पष्ट आहे. टाके घालून होडी आकाराला यायला वेळ लागत नाही. तेवढ्यात आळी बघून जाते, कौतुक होतं, फोटो निघतात. मग येतो पॉलिश पेपर. घासा, लेप द्या, वाळवा, पुन्हा घासा. खरा वेळ इथे जातो आणि फोटो काढायला कुणी येत नाही. म्हणून अट अशी घालावी की पहिली होडी लहानच, शिडाशिवाय, नुसती वल्ह्याची. आखणी छापील आणि आधी बांधून पाहिलेली, स्वतःच्या डोक्यातली नव्हे. आणि पडवीच्या दाराची रुंदी आधी मोजलेली. मेरीटाइम बोर्डाच्या कचेरीत नोंदणीचं विचारून घ्यावं. बांधून झाल्यावर एखाद्या जाणत्या मिस्त्रीला मानधन देऊन दाखवावी, तो नाक मुरडेल, मुरडू द्यावं. एवढं करूनही चिरंजीवांनी ती अर्धवट टाकलीच, तर पालथी घालून कोंबड्यांना पावसाळ्यात उत्तम छप्पर होईल. बहुतेक छंदांना शेवटी एवढाही उपयोग राहत नाही.

शेवटचं, आणि हे खास तुमच्यासाठी. होडीचे दोन्ही कर्ण समान आले तरच ती सरळ चालते, म्हणून ते परत परत मोजावे लागतात. प्लाय बोटानं वाजवून आत पोकळी आहे का ते ऐकावं लागतं. रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलून घ्यावे लागतात, अंदाजानं घातले तर सगळं काम चिकट राहतं. म्हणजे या उद्योगाला उत्साही माणूस एकच पुरतो, पण समोरच्याच्या कुठल्याही मापावर विश्वास न ठेवणारा माणूस घरात असावाच लागतो. त्या कामाला तुमच्याइतका लायक माणूस महाड-पोलादपुरात दुसरा नाही. तेव्हा विरोध कायम ठेवावा, फक्त तो पडवीत बसून, हातात टेप घेऊन करावा.

काकूंना आणि आत्यांना साष्टांग नमस्कार, चिरंजीवांना पाठीवर थाप. त्यांना हे पत्र दाखवलंत तरी मगरींचा भाग आधी वाचायला द्यावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पुतण्या आणि इकडची सर्व मंडळी